मुलुंडचा मोबाइल इंटरनेटला सापडतो कसा?

मुलुंड पश्चिमेचा पिन कोड ४०००८० आणि पूर्वेचा ४०००८१. रेल्वेचे रूळ ओलांडले की कोड बदलला! पिन कोडची ही युक्ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीसुद्धा. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू झाला. चेन्नईत पत्रं वेगळी करणाऱ्याला मुलुंड कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. सुरुवातीचे ४०० दिसले की पत्र मुंबईच्या थैलीत! उरलेले ०८० मुंबईत पोचल्यावर बघायचे.

इंटरनेटचंही असंच. घाटकोपरला बसून तुम्ही व्हिडिओ लावता, तेव्हा तो अख्खा येत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर एक आकडी पत्ता असतो, आयपी अ‍ॅड्रेस. परदेशातून निघालेले कितीतरी तुकडे समुद्रतळावरच्या केबलमधून अंधेरीजवळ वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे तुकड्यांना वाट दाखवणारं यंत्र, पत्त्याचा सुरुवातीचा भाग बघतो आणि तुकडा पुढच्या राउटरकडे पाठवतो. पूर्ण वाट एकालाही ठाऊक नसते, तरी व्हिडिओ क्षणात सुरू होतो. किती भारी!

हे पत्ते १९८१ साली ठरले, तेव्हा त्यांना ३२ बिट मिळाले. म्हणजे ३२ घरं, प्रत्येकात ० किंवा १. त्यातून होतात सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा जगाची लोकसंख्याच साडेचारशे कोटींच्या आसपास होती! पण संगणक मोजके होते, म्हणून भागलं. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले.

मग आता कसं चालतं? घरच्या वाय-फायवरच्या फोनची सेटिंग उघडा. बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसेल. अगदी तोच बोरिवलीतल्या तुमच्या मावशीकडेही असू शकतो! तो घरापुरताच. तुकडा बाहेर पडताना राउटर त्यावर स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणी काय मागवलं ते लक्षात ठेवतो. युक्ती चांगली आहे, पण बाहेरच्या कोणाला तुमच्या फोनपर्यंत थेट पोचता येत नाही.

मग पत्त्याला दोन-चार आकडे जोडायचे ना? नाही जमत, कारण तुकड्यावर पत्त्यासाठी जागाच ३२ बिटांची आखलेली. म्हणून पत्त्यांच्या या जुन्या, चौथ्या आवृत्तीनंतर सहावी आली, १२८ बिटांची. (पाचवा क्रमांक आवाज आणि चित्रं पाठवण्याच्या एका प्रयोगाला आधीच देऊन झाला होता.) आता पत्ते किती? ३४० लिहा आणि पुढे ३६ शून्यं द्या! जुन्या यंत्रांना हे पत्ते वाचता येत नाहीत, म्हणून सध्या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालतात.

सहावी आवृत्ती वापरण्यात भारत जगात खूप पुढे आहे. २०१६ मध्ये आलेल्या जिओ या मोबाइल कंपनीने सुरुवातीपासूनच ती वापरली. वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि पुन्हा सेटिंग बघा. टिंबांऐवजी विसर्गासारखी चिन्हं असलेला लांबलचक पत्ता दिसला, तर त्याची सुरुवात वाचा. तिथे बहुतेक २४० असेल. ते आकडे आशिया-पॅसिफिक विभागाचे.