इंग्रजी क्रियापदांचा व्यवहार (लेखांक सातवा) : ‘पुट अप विथ’

मुंबई–बंगळूर महामार्ग वारज्याच्या वस्तीला दुभंगून जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांस गेल्या काही दशकांत जी गृहसंकुले उभी राहिली त्यांत मूळच्या ग्रामस्थांच्या शेजारीच परप्रांतांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आणि कर्वेनगरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली यांचेही वास्तव्य असल्यामुळे, शेजारधर्म इंग्रजीतून पाळण्याचा प्रसंग येथील मराठी गृहस्थावर वारंवार येतो. वाहनांचा अहोरात्र गोंगाट, सायंकाळचा वाहतुकीचा खोळंबा, वरच्या मजल्यावरील मध्यरात्रीची गाणी, यांविषयी बोलू लागताच इंग्रजी भाषकाच्या तोंडी जो प्रयोग सहज येतो तो ‘पुट अप विथ’ हा होय. शाळेत मुले त्याच्यापुढे ‘सहन करणे’ एवढाच अर्थ लिहून ठेवतात. तो अर्थ अशुद्ध नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि अपुरा अर्थ मुखोद्गत झाला म्हणजे प्रयोग भलत्याच ठिकाणी योजला जातो.

‘सहन करणे’ या क्रियापदाचा मुलूख फार विस्तीर्ण आहे. माणूस पुत्रशोक सहन करतो, शस्त्रक्रियेची वेदना सहन करतो आणि शेजाऱ्याचा रेडिओही सहन करतो. ‘पुट अप विथ’ला मात्र कर्म म्हणून प्रायः उपद्रव हवा असतो, मग ती गैरसोय असो, कोणाचे वर्तन असो किंवा प्रत्यक्ष एखादी त्रासदायक व्यक्ती असो, आणि कर्त्याच्या मनात त्या उपद्रवाविषयी नापसंती कायम असून त्याने तूर्त तंटा न करण्याचे ठरविले आहे, असा दुहेरी भाव त्यात अंतर्भूत असतो. म्हणूनच अपत्यवियोगाच्या दुःखास हा प्रयोग लावला तर ऐकणाऱ्यास तो निर्दय वाटतो. निरुपाय, नकार आणि प्रश्न या तीन वाक्यरूपांत तो विशेष आढळतो : ‘वी हॅव टु पुट अप विथ द नॉइज’, ‘आय वोंट पुट अप विथ धिस’, ‘हाऊ डू यू पुट अप विथ हिम?’ यांतील तीन शब्दांची फारकत होत नाही, कर्म नेहमी ‘विथ’च्या नंतर येते, भूतकाळातही ‘पुट’ हे रूप तसेच राहते, आणि उच्चारताना आघात ‘अप’वर पडतो.

आता समानार्थी शब्दांकडे वळू. अर्जात किंवा सरकारी पत्रव्यवहारात लिहावयाचे असेल तर ‘टॉलरेट’ हा शब्द शोभतो. ‘स्टँड’ हा बहुधा ‘कान्ट’च्या सोबतीनेच वावरतो, आणि ‘अबाइड’ची स्थितीही तशीच असून तो किंचित जुनाट वाटतो. ‘स्टमक’ म्हणजे पचविणे. अपमान किंवा किळसवाणी गोष्ट पचत नाही, असे सांगावयाचे असते तेव्हा तो कामी येतो. ‘बेअर’ हा शोकाचा, भाराचा आणि वेदनेचा शब्द. यांहून निराळ्या पायरीवर उभा आहे तो ‘एन्ड्युअर’, आणि त्याचे उदाहरण शोधण्यास वारज्याहून लांब जाण्याचे कारण नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, त्यापायी मुरुड या आपल्या गावी त्यांच्यावर बहिष्कार पडला, आणि पुढे १९०० मध्ये हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, माळावर त्यांच्या विधवाश्रमाची झोपडी उभी राहिल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून तेथवरची पायपीट चिखलपाण्यातून त्यांनी नित्य केली. त्या चिखलास ‘ही पुट अप विथ द मड’ म्हणता येईल. पण त्या बहिष्कारास ‘एन्ड्युअर’च म्हटले पाहिजे, कारण दीर्घकाळ, निश्चयपूर्वक आणि ध्येय न सोडता जे सोसले जाते त्याचे गांभीर्य ‘पुट अप विथ’मधील कुरकुरीने उणावते. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला या प्रयोगाची मर्यादा निराळी पाठ करावी लागत नाही.

मराठीत याचा खरा जोडीदार संयुक्त क्रियापदांत सापडतो, ज्यांचा ऊहापोह मोरो केशव दामले यांनी आपल्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त केला आहे. ‘चालवून घेणे’, ‘खपवून घेणे’, ‘ऐकून घेणे’ यांत ‘घेणे’ हे सहायक क्रियापद क्रियेचा रोख कर्त्याकडे वळविते, आणि नापसंती असूनही त्याने ती गोष्ट पदरी घेतली हा भाव आपोआप उमटतो. ‘तुझी ही उलट उत्तरे मी ऐकून घेणार नाही’ असे आई म्हणते तेव्हा ती नेमके ‘आय वोंट पुट अप विथ इट’ असेच म्हणत असते. ‘सांभाळून घेणे’ मात्र या पंक्तीत बसवू नये. त्यात माया आहे, आणि इंग्रजी प्रयोगात ती नाही.

‘वर ठेवणे’ यातून सोसण्याचा अर्थ निघाला कसा, हा प्रश्न मला अत्यंत रंजक वाटतो. जुन्या इंग्रजीत ‘पुट अप’ म्हणजे आवरून आत ठेवणे, तलवार म्यान करणे, वस्तू खिशात घालणे; त्यावरून झालेला अपमान मुकाट्याने पोटात घालणे या अर्थी तो शब्द रूढ झाला, आणि ‘ऑथेल्लो’ नाटकात रॉडरिगो तो याच अर्थाने, ‘विथ’वाचून, योजतो. आपणही अपराध पोटातच घालतो. त्याहून विलक्षण साम्य फारसीत आहे. ‘बर’ म्हणजे वर आणि ‘दाश्तन’ म्हणजे धरणे किंवा ठेवणे. त्यांपासून झालेल्या ‘बरदाश्त’ला उत्तरेकडे सोसण्याचा अर्थ राहिला, तर आपल्या दप्तरांत त्याचीच ‘बडदास्त’ होऊन परदरबारच्या वकिलांचा मुक्काम, शिधा आणि सरबराई यांची व्यवस्था असा अर्थ स्थिरावला. इंग्रजीतही ‘पुट अप’ने दोन्ही वाटा धरल्या : ‘विथ’ असता सोसणे, ‘विथ’ नसता पाहुण्याला उतरवून घेणे. ‘वी पुट अप अवर कझिन’ म्हणजे चुलतभावाची आपल्या घरी सोय केली, आणि ‘वी पुट अप विथ अवर कझिन’ म्हणजे त्याचा जाच चालवून घेतला. तेव्हा पाहुणा समोर बसलेला असताना हे लहानसे अव्यय विशेष जपून वापरावे.

याच दुसऱ्या वाटेवर आपल्या देशात एक प्रयोग फार बोकाळला आहे. वारज्यात नव्याने सदनिका घेतलेल्या गृहस्थास ‘व्हेअर आर यू पुट अप?’ असे सर्रास विचारले जाते. इंग्लंडात या शब्दांनी तात्पुरत्या मुक्कामाची, म्हणजे आपण कोठे उतरला आहात याची, विचारणा होते; ज्याचे बिऱ्हाड कायमचे थाटलेले आहे त्याला ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ असेच विचारावे. पुढील लेखांकात ‘पुट ऑफ’ आणि त्याचे दोन परस्परभिन्न अर्थ पाहू.