बंगळुरूत कमी खर्चात फिरायचे कसे? बस, मेट्रो आणि रिक्षाच्या भाड्याचे गणित

बंगळुरू : शिक्षण, नोकरी, मुलाखत किंवा निमहान्स, किडवाई यांसारख्या रुग्णालयांतील उपचार अशा निमित्ताने सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि बेळगाव भागांतील असंख्य मराठी भाषक बंगळुरूत येत असतात. राहण्याच्या खर्चाची तजवीज बहुतेक जण आधीच करून ठेवतात. शहरांतर्गत प्रवासावर किती पैसे जातील, याचा अंदाज मात्र अनेकांना नसतो. २०२५ या एकाच वर्षात बस, मेट्रो आणि रिक्षा या तिन्हींची भाडी वाढली. त्यामुळे कोणत्या प्रवासासाठी कोणते वाहन परवडते, हे समजून घेणे नवागतासाठी आवश्यक झाले आहे.

कोणत्या स्थानकावर उतरावे?

खर्चाचा पहिला निर्णय रेल्वेचे तिकीट काढतानाच होतो. बंगळुरूत दूर पल्ल्याच्या गाड्यांची तीन प्रमुख स्थानके आहेत. मुंबई, पुणे आणि सोलापूरमार्गे येणारी उद्यान एक्स्प्रेस तसेच सांगली-मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, म्हणजेच केएसआर बंगळुरू या मुख्य स्थानकात पोहोचतात. या स्थानकाला लागूनच मेट्रो असून समोर शहर बससेवेचे सर्वांत मोठे केंद्र असलेले केंपेगौडा बसस्थानक आहे. शहरात हा सारा परिसर 'मॅजेस्टिक' या नावानेच ओळखला जातो. दुसरे प्रमुख स्थानक यशवंतपूर. त्याच्या शेजारी मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेचे स्थानक आहे.

बैयप्पनहळ्ळी येथील सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल २०२२ मध्ये सुरू झाले. ते प्रशस्त असले तरी मेट्रो स्थानकाला थेट जोडलेले नाही. तेथून पुढे जाण्यासाठी शहर बस किंवा रिक्षा घ्यावी लागते. रेल्वे तिकिटात वाचलेले पैसे अवेळी पोहोचल्यास रिक्षात खर्च होऊ शकतात.

बस : सर्वांत स्वस्त, पण वेळखाऊ

बंगळुरू महानगर परिवहन महामंडळाची, म्हणजे बीएमटीसीची, स्थापना १९९७ मध्ये झाली. कर्नाटकातील परिवहन महामंडळांनी ५ जानेवारी २०२५ पासून भाड्यात १५ टक्के वाढ केली. त्यानंतर साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून ६ रुपये झाले. साध्या बसचा दैनिक पास ७० वरून ८० रुपये, साप्ताहिक पास ३०० वरून ३५० रुपये आणि मासिक पास १,०५० वरून १,२०० रुपये झाला. वातानुकूलित 'वज्र' बससाठी वेगळे पास आहेत. साध्या बसचा पास त्या बसमध्ये चालत नाही.

दिवसभरात अनेक ठिकाणी जायचे असेल तर दैनिक पास फायद्याचा ठरतो. केवळ एकदा जाऊन परत यायचे असेल तर सुटे तिकीटच स्वस्त पडते. पास घेताना व वापरताना ओळखपत्र जवळ असलेले बरे. नवख्या माणसासमोरची खरी अडचण असते ती फलकांची. अनेक बसवरील गावांची नावे कन्नडमध्ये असल्याने ठिकाणाऐवजी मार्गक्रमांक लक्षात ठेवणे सोयीचे जाते. ५०० ने सुरू होणारे क्रमांक प्रामुख्याने बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर धावतात. सिल्क बोर्ड आणि हेब्बाळ यांना जोडणारी '५००-डी' ही त्यांतील सर्वपरिचित बस. मॅजेस्टिकहून व्हाइटफील्ड-काडुगोडीकडे जाणारी '३३५-ई' तितकीच ओळखीची आहे. बस कुठे पोहोचली आहे, हे 'नम्म बीएमटीसी' या मोबाइल ॲपवर पाहता येते. कन्नडमधील 'नम्म' म्हणजे आपले. वाहक 'चिल्लरे' मागू लागला तर मराठी माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

'शक्ती' योजनेचा लाभ कोणाला?

कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ रोजी सुरू केलेल्या 'शक्ती' योजनेनुसार महिला व तृतीयपंथीयांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो. ही सवलत कर्नाटकच्या रहिवाशांपुरतीच आहे. त्यामुळे कर्नाटकातील पत्त्याचे ओळखपत्र दाखवणाऱ्या बेळगावच्या महिलेला शून्य रुपयांचे तिकीट मिळते, तर शेजारीच बसलेल्या सांगलीच्या महिलेला पूर्ण भाडे द्यावे लागते. नोकरी किंवा शिक्षणासाठी बंगळुरूत येऊन राहिलेल्या अनेक तरुणींच्या आधार कार्डावर महाराष्ट्रातील पत्ता असतो. त्यांच्या दृष्टीने हा फरक मासिक पासच्या हिशेबाने महिन्याला १,२०० रुपयांचा आहे. दीर्घ मुक्काम असणाऱ्यांनी नियमानुसार पत्ता बदलून घेतल्यास ही रक्कम वाचू शकते. 'वज्र' आणि विमानतळ बससेवा या योजनेत समाविष्ट नाहीत.

मेट्रो : वेगाची किंमत

'नम्म मेट्रो'चा पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता असा सुरू झाला. आज चल्लघट्ट ते व्हाइटफील्ड ही जांभळी आणि मादावर ते सिल्क इन्स्टिट्यूट ही हिरवी मार्गिका मॅजेस्टिक येथे एकमेकींना छेदतात. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र या १९.१५ किलोमीटरच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १० ऑगस्ट २०२५ रोजी झाले. तिच्यामुळे जयदेव रुग्णालय, सिल्क बोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटी ही ठिकाणे मेट्रोच्या जाळ्यात आली. मॅजेस्टिकहून तिकडे जायचे झाल्यास हिरव्या मार्गिकेने आर. व्ही. रोडपर्यंत येऊन गाडी बदलावी लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपये करण्यात आले. त्या वेळच्या रचनेनुसार २ किलोमीटरपर्यंत १०, ४ ते ६ किलोमीटरसाठी ३०, ८ ते १० किलोमीटरसाठी ५०, १० ते १५ किलोमीटरसाठी ६०, १५ ते २० किलोमीटरसाठी ७० आणि २५ किलोमीटरच्या पुढे ९० रुपये असे टप्पे आहेत. स्मार्ट कार्डधारकांना ५ टक्के सवलत मिळते. सकाळी ८ पूर्वी, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर, म्हणजे गर्दी नसलेल्या वेळेत, ती १० टक्के होते. रविवारीही १० टक्के सवलत लागू असते.

रोज १२ किलोमीटर जाणे-येणे करणाऱ्या नोकरदाराचे उदाहरण घेता येईल. एका फेरीचे ६० याप्रमाणे दिवसाला १२० आणि २५ दिवसांचे ३,००० रुपये होतात. स्मार्ट कार्डाने हा खर्च २,८५० रुपयांवर, तर दोन्ही फेऱ्या गर्दीच्या वेळा टाळून केल्यास २,७०० रुपयांवर येतो. बसचा मासिक पास १,२०० रुपयांचा आहे. गर्दीच्या वेळेत स्मार्ट कार्डाने प्रवास करणारा कर्मचारी बसपेक्षा महिन्याला १,६५० रुपये अधिक मोजतो, ते वाहतूक कोंडीत जाणारा वेळ वाचवण्यासाठी. हा वेळ विकत घेणे परवडते की नाही, हे ज्याच्या त्याच्या पगारावर ठरते.

रिक्षा कधी परवडते?

१ ऑगस्ट २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे पहिल्या २ किलोमीटरसाठी ३६ रुपये आणि त्यापुढे प्रतिकिलोमीटर १८ रुपये आहे. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत दीडपट भाडे आकारले जाते. या दरांची मेट्रोशी तुलना केली की चित्र स्पष्ट होते. ५ किलोमीटरसाठी मीटरप्रमाणे ९० रुपये होतात. मेट्रोचे माणशी भाडे ३० रुपये. एकट्यासाठी मेट्रो कितीतरी स्वस्त, मात्र तिघांचे कुटुंब असेल तर दोन्हींचा खर्च सारखाच. १० किलोमीटरसाठी रिक्षाला १८० आणि तिघांच्या मेट्रो प्रवासाला १५० रुपये लागतात. २० किलोमीटरसाठी हेच आकडे ३६० आणि २१० असे होतात. थोडक्यात, रुग्ण किंवा ज्येष्ठ नागरिक सोबत असताना जवळच्या अंतरासाठी रिक्षा महाग ठरत नाही. अंतर वाढेल तशी मेट्रो किफायतशीर होते.

हे गणित रिक्षा मीटरने चालली तरच लागू पडते. प्रत्यक्षात अनेकदा ठोक भाडे सांगितले जाते. अशा वेळी मीटरच्या दराने किती रुपये व्हायला हवेत, हे ठाऊक असणे हाच घासाघीस करण्याचा पाया ठरतो. ॲपवरून रिक्षा बोलावताना दाखवलेली रक्कमही याच हिशेबाने तपासून घेता येते.

विमानतळाचा प्रवास

देवनहळ्ळीजवळील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला. तो शहराच्या मध्यभागापासून ३० किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथवर मेट्रो अद्याप पोहोचलेली नसून निळ्या मार्गिकेचे काम सुरू आहे. टॅक्सीला स्वस्त पर्याय म्हणजे बीएमटीसीची 'वायू वज्र' बस. 'केआयए-९' मॅजेस्टिककडे, तर 'केआयए-८' इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाते. विमानतळाजवळ जानेवारी २०२१ पासून रेल्वेचा थांबाही आहे. तेथील तिकीट अगदी स्वस्त असले तरी गाड्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक पाहूनच तो पर्याय निवडावा.

पाहण्याजोगे, तेही मेट्रोलगत

फावल्या वेळात शहर पाहू इच्छिणाऱ्यांना हिरवी आणि जांभळी मार्गिका पुरेशी आहे. लालबाग आणि कब्बन पार्क या दोन्ही उद्यानांच्या नावाचीच मेट्रो स्थानके आहेत. के. आर. मार्केट स्थानकापासून टिपू सुलतानाचा उन्हाळी राजवाडा आणि जुना किल्ला पायी गाठता येतो. शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरात मराठेशाहीच्या खुणाही आहेत. मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वर मंदिराचा संबंध शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्याशी जोडला जातो. हे मंदिर संपिगे रोड स्थानकापासून जवळ आहे.

उपनगरी रेल्वे प्रकल्पाची पायाभरणी जून २०२२ मध्ये झाली असून सुमारे १४८ किलोमीटरचे हे जाळे पूर्ण झाल्यावर मुंबईकरांच्या परिचयाचा स्वस्त लोकलचा पर्याय बंगळुरूलाही मिळेल. तोवर लांबच्या टप्प्यासाठी मेट्रो, रोजच्या ये-जा करण्यासाठी बसचा पास आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी रिक्षा ही विभागणी बहुतेकांच्या खिशाला मानवणारी आहे. भाडी अधूनमधून बदलत असल्याने प्रवासाला निघण्यापूर्वी ताजे दर पाहून घेणे हिताचे ठरते.