मोटारसायकलच्या पुढील ब्रेकमधील हवा काढणे

मोटारसायकलच्या पुढील ब्रेकमधील हवा काढणे ही द्रवचलित डिस्क ब्रेकच्या देखभालीतील एक प्रक्रिया आहे. ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा आणि जुना झालेला द्रव बाहेर काढून त्या जागी नवा द्रव भरणे, असे तिचे स्वरूप असते. गॅरेजच्या बोलीत तिला ‘ब्रेक ब्लीड करणे’ किंवा नुसते ‘एअर काढणे’ म्हणतात. तारेने चालणाऱ्या ड्रम ब्रेकमध्ये द्रवच नसल्यामुळे त्याला ही प्रक्रिया लागू होत नाही.

पार्श्वभूमी

भारतातील जुन्या मोटारसायकलींना बहुतांशी ड्रम ब्रेक असत. हीरो होंडा सीबीझेड (१९९९) आणि बजाज पल्सर (२००१) यांसारख्या गाड्यांमुळे पुढील चाकाचा डिस्क ब्रेक सर्वसामान्य चालकाच्या परिचयाचा झाला. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. ब्रेकचे भाग बनविणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे मुख्यालयही वाळूजमध्येच आहे. त्या पहिल्या पिढीतील गाड्या आता वीस वर्षांहून जुन्या झाल्या आहेत. त्यांच्या रबरी नळ्या व सील यांचे वयही बहुधा तेवढेच असते, ही गोष्ट मात्र सहसा विसरली जाते.

तत्त्व

या ब्रेकचे कार्य पास्कलच्या नियमावर चालते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, असा तो नियम आहे. लिव्हर दाबली की हँडलवरील मास्टर सिलिंडरचा लहान दट्ट्या द्रवाला ढकलतो. तो दाब नळीतून चाकाजवळच्या कॅलिपरमधील मोठ्या दट्ट्यापर्यंत जातो आणि ब्रेक पॅड डिस्कवर आवळले जातात. मास्टर सिलिंडरचा व्यास १२ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या दट्ट्याचा ३० मिलिमीटर धरल्यास बल सव्वासहा पटींनी वाढते. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते, कारण मोठा दट्ट्या त्याच प्रमाणात कमी सरकतो.

हवेचा उपद्रव या हिशेबातच दडलेला आहे. वरील उदाहरणात लहान दट्ट्या १० मिलिमीटर सरकला, तरी जेमतेम १.१ घन सेंटिमीटर द्रव ढकलला जातो. नळीत अर्धा घन सेंटिमीटर हवा असेल, तर लिव्हरची जवळजवळ निम्मी चाल तो बुडबुडा आकुंचित करण्यातच खर्ची पडते. द्रव दाबाने आकसत नाही, हवा आकसते. म्हणून लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते, मुठीपर्यंत येते, आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावरच ब्रेक लागतो. जोरात ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर झुकते व थांबविण्याचे बरेचसे काम पुढील ब्रेकच करतो. त्यामुळे हा दोष असलेली गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे ठरते.

ब्रेकचा द्रव

बाजारात या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण तो तेलाचा प्रकार नाही. नावावर विसंबून टाकीत इंजिन ऑइल भरल्यास आतील रबरी सील फुगतात व संपूर्ण ब्रेक निकामी होतो. डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ हे द्रव ग्लायकॉल गटातील असून डॉट ५ हा सिलिकोनचा आहे. तो इतरांत मिसळू नये. ५ आणि ५.१ या आकड्यांतील साम्यामुळे येथे फसगत होते. कोणता द्रव वापरायचा ते टाकीच्या झाकणावर कोरलेले असते.

ग्लायकॉलचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो; ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंश धरली जाते. उन्हाळ्यात मराठवाड्यातील तापमान चाळीस अंशांपुढे जाते. अशा वेळी चाळीसगावच्या वाटेवरील कन्नड घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला, तर कॅलिपर तापतो, जुन्या द्रवाची वाफ होते आणि लिव्हर अचानक पोकळ पडते. हा दोष सपाट रस्त्यावर आधी जाणवत नाही. म्हणूनच हवा शिरलेली नसली तरी साधारण दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस केली जाते.

कृती

गाडी मुख्य स्टँडवर उभी करून टाकी समपातळीत येईल असे हँडल वळवतात. द्रव रंग खातो, म्हणून पेट्रोलची टाकी व मडगार्ड कापडाने झाकतात आणि थेंब पडल्यास लगेच पाण्याने धुतात. झाकणाचे स्क्रू मऊ धातूचे असतात. चुकीच्या मापाच्या पेचकसाने त्यांची खाच झिजते, आणि जुन्या गाडीवर निम्मा वेळ तेथेच जातो. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसून मगच ते उघडावे. रबरी पडदा काढून टाकी नव्या द्रवाने भरतात.

कॅलिपरच्या निपलवर आधी रिंग पाना व मग पारदर्शक नळी बसवितात. नळीचे दुसरे टोक थोडा द्रव घातलेल्या बाटलीत बुडलेले ठेवतात. लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबून दाबलेलीच धरतात, निपल पाव ते अर्धा फेरा सैल करतात, द्रव व बुडबुडे बाहेर येतात, निपल पुन्हा आवळतात आणि त्यानंतरच लिव्हर सोडतात. हा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडे असताना लिव्हर सोडली, तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत ही आवर्तने करतात. टाकीतील पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये. टाकी रिकामी झाली की सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लिव्हर मुठीपर्यंत दाबू नये. रोजच्या वापरात दट्ट्या जेथवर कधी जात नाही, तेथे सिलिंडरच्या भिंतीवर गंज व गाळ साचलेला असतो. सील तेथे घासला की फाटतो आणि दुरुस्तीनंतर ब्रेक आधीपेक्षा वाईट होतो. यावर उपाय म्हणून लिव्हर आणि मूठ यांच्यामध्ये लाकडाचा लहान तुकडा ठेवतात.

निपल गंजून घट्ट बसले असल्यास जोर लावू नये. ते आतून पोकळ असल्यामुळे सहज तुटते. गंज सुटण्याचे तेल लावून काही तास थांबणे स्वस्त पडते; मात्र ते तेल पॅड व डिस्कवर उडता कामा नये.

न निघणारी हवा

बुडबुडे वर चढतात, आणि या पद्धतीत त्यांना खाली ढकलले जाते. त्यामुळे मास्टर सिलिंडरजवळच्या नळीच्या जोडात थोडी हवा अडकून राहते. अशा वेळी झाकण सैल ठेवून लिव्हर अगदी थोडी, वारंवार हलवितात व नळीवर हलके टिचके मारतात; मग टाकीत बारीक बुडबुडे येताना दिसतात. लिव्हर रात्रभर बांधून ठेवण्याचा उपायही गॅरेजांत रूढ आहे. एवढे करूनही लिव्हर मऊच राहिली, तर दोष हवेचा नसून फुगणाऱ्या जुन्या रबरी नळीचा किंवा झिजलेल्या सीलचा असू शकतो.

तपासणी

काम झाल्यावर लिव्हर जोराने दाबून मिनिटभर धरतात. ती हळूहळू खाली जात असल्यास कोठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरचा सील दाब धरत नाही. पुढचे चाक उचलून ते मोकळे फिरते का, हेही पाहतात. पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागेत, चालण्याच्या वेगाने घेतात. काढलेला द्रव पुन्हा वापरत नाहीत व तो गटारात ओतणे टाळावे. उघडलेल्या बाटलीतील उरलेला द्रवही ओलावा शोषत राहतो, म्हणून लहान बाटली घेणे सोयीचे.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना भारतात एबीएस बंधनकारक आहे. अशा गाड्यांच्या दाबनियंत्रक यंत्रात हवा शिरल्यास ती काढण्यासाठी काही वेळा निर्मात्याचे निदान उपकरण लागते. त्यांना वरील पद्धत जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही.