छातीच्या ऑपरेशननंतरचे दुखणे : पहिले दिवस महत्त्वाचे



फुफ्फुसातील गाठ, क्षयाने निकामी झालेला भाग किंवा छातीत साचून घट्ट झालेला पू काढण्यासाठी काही वेळा छाती उघडावी लागते. रोगी बरा होऊन घरी येतो, जखम भरते, पण त्या बाजूची आग काही थांबत नाही. सदरा घासला तरी सहन होत नाही. मोळी उचलायला हात वर केला की कळ येते. घरचे म्हणतात, "ऑपरेशन झालंय, दुखायचंच." आम्हाला हे मान्य नाही.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक मज्जातंतू जातो. छाती उघडताना बरगड्या फाकवाव्या लागतात, तेव्हा हा तंतू दाबला किंवा ताणला जातो. त्यातच जखमेभोवती सूज येते आणि तंतू जास्तच हळवा होतो. २०१४ साली अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तर अशा ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी शंभरातील ५७ आणि सहा महिन्यांनी ४७ जणांना काही ना काही दुखणे होतेच. सगळ्यांचेच तीव्र नसते, पण आकडा लहान नाही.

सुरुवातीला ज्याला जास्त दुखते, त्याचे दुखणे लांबण्याचा धोकाही जास्त, असे दिसून आले आहे. म्हणून दात-ओठ खाऊन सोसण्यात शहाणपणा नाही. दवाखान्यात बरगडीजवळ किंवा पाठीत सुई देऊन तो भाग बधिर करतात. जोडीला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी सूज उतरविणारी औषधे ठरलेल्या वेळी देतात. त्यामुळे मॉर्फिनसारखे औषध कमी लागते. मुख्य म्हणजे रोग्याला खोल श्वास घेता येतो, खोकून बेडका काढता येतो. तो आत राहिला तर न्यूमोनियाची भीती. तेव्हा डॉक्टरांनी वेळेवर घ्यायला सांगितलेली गोळी "आत्ता फारसं दुखत नाही" म्हणून चुकवू नये.

मात्र नुसत्या या गोळ्यांनी पुढचे जुनाट दुखणे टळतेच, असे अजून सिद्ध झालेले नाही. त्यासाठीचा पुरावा अपुरा आहे.

आणि ही औषधे गरीब गाय नव्हेत. पोटात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणूनच २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माणूस गिधाड नव्हे हे खरे, पण उन्हात दिवसभर उसाला पाणी धरायचे, स्वतः पाणी प्यायचे नाही आणि संध्याकाळी दुकानातून आणलेली गोळी घ्यायची, हे मूत्रपिंडाला महागात पडते. हृदयाच्या बायपासनंतर तर ही औषधे टाळतात. तिथे छाती उघडली म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी चालत नाही.

तीन महिन्यांनंतरही आग, मुंग्या, बधिरपणा राहिला तर ते बहुधा तंतूचे दुखणे. त्याला सूज उतरविणारी गोळी फारशी लागू पडत नाही, औषधे वेगळी असतात. डॉक्टरांकडे परत जावे. जाताना ऑपरेशनचे कागद आणि घरात चालू असलेली सगळी औषधे, रक्तदाबाची, मधुमेहाची, रक्त पातळ करण्याची, पिशवीत घालून न्यावीत.