चेहरा चोरणारा खलपुरुष

मनुष्याची ओळख पटविण्याचें पहिलें साधन म्हणजे त्याचा चेहरा. न्यायासनासमोर साक्षीदार बोट दाखवून 'हाच तो मनुष्य' असें म्हणतो आणि तेवढ्या शब्दांनीं एखाद्याचें उभें आयुष्य पालटून जातें. पण तो चेहराच कोणी चोरला तर? निरपराध्यानें आपलें निरपराधित्व कसें सिद्ध करावें? या भयंकर प्रश्नांतून १९६४ सालीं एक खळखळून हंसविणारा फ्रेंच बोलपट जन्मास आला. त्याचें नांव 'फांतोमास'.

फांतोमास हा मूळचा कादंबरींतला खलपुरुष. प्येर सुव्हेस्त्र व मार्सेल आलँ या लेखकद्वयानें १९११ ते १९१३ या काळांत दरमहा एक याप्रमाणें त्याच्यावर ३२ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील फांतोमास अत्यंत निर्दय आहे. त्या वेळीं पॅरिसच्या पोलिसखात्यांत आल्फाँस बर्तियाँ याची पद्धति रूढ होती. डोक्याची लांबी, कानाची ठेवण, बोटांचें माप यांची नोंद करून गुन्हेगारास कायमचें ओळखून ठेवावयाचें, असें तिचें स्वरूप होतें. शास्त्र माणसाचीं अशीं मापें घेत असतांना वाङ्मयानें ज्याला स्वतःचा चेहराच नाहीं असा गुन्हेगार निर्माण केला! एका कथेंत तर मृताच्या हाताची कातडी हातमोज्याप्रमाणें वापरून, मेलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे गुन्ह्याच्या जागीं उमटविले जातात. दिग्दर्शक लुई फेय्याद यानें १९१३-१४ सालीं या कथांवर पांच मूकपट काढले. त्यांतही भीतीचेंच राज्य होतें.

पन्नास वर्षांनीं आंद्रे युनबेल या दिग्दर्शकानें ही कथा हातीं घेतली, ती मात्र विनोदाच्या अंगानें. फांदोर हा तरुण वृत्तपत्रकार फांतोमासची एक खोटी मुलाखत रचून छापतो. खलपुरुष चिडतो, त्याला पळवून नेतो आणि त्याचाच चेहरा धारण करून दरोडा घालतो. इन्स्पेक्टर झ्यूव्ह याची खात्री पटते कीं, फांदोर हाच गुन्हेगार. तोंच पुढचा गुन्हा घडतो, आणि तो करणाऱ्याचा चेहरा असतो खुद्द झ्यूव्हचा!

या बोलपटांतील हास्याचें मर्म दोन चेहऱ्यांच्या विरोधांत आहे. फांदोर आणि फांतोमास या दोन्ही भूमिका झाँ मारे या एकाच नटानें केल्या. खलपुरुषाचा मुखवटा निळसर, गुळगुळीत व निर्विकार असून त्यामागचा आवाजही माऱ्याचा नव्हे. तो रेमाँ पेलग्रँ या दुसऱ्या नटाचा आहे. म्हणजे ज्याचा चेहरा परका, त्याची वाणीही परकीच. उलट झ्यूव्ह झालेल्या लुई द फ्युनेसचा चेहरा क्षणभरही स्थिर राहत नाहीं. भुंवया, ओठ, गाल, बोटें सारीं एकदम बोलूं लागतात. एकाच्या मुद्रेवर कांहींच वाचतां येत नाहीं, दुसऱ्याच्या मुद्रेवर सारें कांहीं उघडें पडतें. कादंबरींतील झ्यूव्ह धीरगंभीर आहे. पडद्यावरील झ्यूव्ह रागाच्या भरांत स्वतःचीच फजिती करून घेतो. त्याच वर्षीं सँ-त्रोपेच्या शिपायावरील बोलपटानें फ्युनेसची लोकप्रियता फार वाढली होती, आणि या मालिकेंतही प्रेक्षकांचें लक्ष नायकाकडून हळूहळू त्याच्याकडे वळलें.

पुढें १९६५ आणि १९६७ सालीं आणखी दोन भाग निघाले. एकांत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पोटांत खलपुरुषाचें गुप्त भुवन आहे आणि शेवटीं त्याची मोटार पंख फुटून आकाशांत उडते. दुसऱ्याचें कथानक स्कॉटलंडांतील एका किल्ल्यांत घडतें. चमत्कार वाढले, पण पहिल्या भागांतला तो चेहऱ्याचा प्रश्न मागें पडला.

म्हणूनच तिन्ही भागांत पहिल्याची योग्यता अधिक. झ्यूव्हला प्रेक्षक हंसतात, तें केवळ तो आरडाओरडा करतो म्हणून नव्हे. डोळ्यांनीं पाहिलें तेंच खरें, एवढ्या आधारावर तो फांदोरला दोषी ठरवितो. आणि थोड्याच वेळांत त्याच आधारावर स्वतः दोषी ठरूं लागतो. 'मी तो नव्हे' हें फांदोरचें ओरडणें ज्यानें कानाआड केलें, त्यालाच तें वाक्य उच्चारण्याची पाळी येते. तें ऐकून घेण्यास मात्र दुसरा झ्यूव्ह तेथें नसतो.