कडेगावचा ४१५३०४: पिनकोडामागची संख्या

पाकिटावर ‘कडेगाव, जि. सांगली’ लिहून पुढे ४१५३०४ टाकलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ४१५ तर साताऱ्याचा, इथे चुकून लागला. चूक काही नाही. पहिले तीन अंक टपालाच्या छाननी विभागाचे, महसुली जिल्ह्याचे नव्हेत. रत्नागिरी शहराचा पिनही ४१५नेच सुरू होतो, सांगली शहराचा मात्र ४१६ने. श्रीराम भिकाजी वेलणकरांची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली.

हा झाला टपालाचा भाग. निव्वळ संख्या म्हणून पाहिलं की गैरसमज आणखी वाढतात.

गैरसमज: एवढी मोठी, त्यात सम, म्हणजे विभाजक भरपूर असणार.
वस्तुस्थिती: अवघे आठ. शेवटच्या ३०४ला ८ने भाग जातो, म्हणून पूर्ण संख्येलाही जातो. उरतात ५१९१३, आणि ती मूळ संख्या निघते! हे तपासायला ५१ हजार भागाकार लागत नाहीत. २२८चा वर्ग ५१९८४, म्हणजे पुढे गेला. तेव्हा २२७पर्यंतच्या ४९ मूळ संख्या पुरतात. चिमुकल्या ३६०ला मात्र २४ विभाजक आहेत. शिवाय ४१५३०४ म्हणजे ६०२ आणि २३० यांच्या वर्गांची बेरीज. दोन वर्गांत ती दुसऱ्या कुठल्याच प्रकारे मांडता येत नाही.

गैरसमज: कापरेकरांची रीत वापरली की कुठलीही संख्या एका ठरावीक उत्तरावर थांबते.
वस्तुस्थिती: देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ चार अंकी संख्यांचा, आणि चारही अंक सारखे नसतील तरच. सहा अंकांत थांबणाऱ्या संख्या दोन: ५४९९४५ आणि ६३१७६४. कडेगावचा पिन दोन्हींना चुकवतो. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा: ५४४३१० – ०१३४४५ = ५३०८६५. असंच पुढे नेलं की नवव्या वजाबाकीला ८५१७४२ येतात. तिथून ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचा हा फेरा कधीच सुटत नाही. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करूनच बघा. मात्र सुरुवातीचं शून्य गाळू नका, गाडी तिथेच घसरते.

गैरसमज: अंकांची बेरीज १७, म्हणजे ८, म्हणून हा आकडा शनीचा.
वस्तुस्थिती: ८ ही फक्त ९ने भागल्यावरची बाकी. ४१५२९५ आणि ४१५३१३ यांचीही तीच. दर नवव्या संख्येवर शनी बसवायचा असेल तर खुशाल बसवा, गणित त्यात नाही.

कापरेकरांच्या भाषेत ही संख्या ‘स्वयंभू’ही नाही. ४१५२८२मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज, २२, मिळवली की ४१५३०४ तयार होते. तिला तेवढाच एक जनक आहे.