एकाच भट्टीच्या तीन बाटल्या

गेल्या महिन्यात प्यायलेल्या व्हिस्कीची आजच्या व्हिस्कीशी तुलना करायला जाऊ नये. वासाचे बारकावे मनात तेवढा काळ टिकत नाहीत. ‘चांगली होती’ किंवा ‘घसा जाळला’ एवढंच उरतं. फरक कळायला हवा असेल तर पेले एकाच वेळी, शेजारी शेजारी समोर हवेत. शिवाय बाटल्या विचार करून निवडायला हव्यात. कुणीतरी परदेशातून आणलेली स्कॉच, एक अमेरिकन बर्बन आणि घरातली नेहमीची बाटली अशा तीन मांडल्या, तर धान्य वेगळं, पिंप वेगळं, हवामान वेगळं, मद्यार्काचं प्रमाणही वेगळं. तिन्ही निराळ्या लागतात, पण कशामुळे, ते सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो, की पहिल्या तुलनेत एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सगळं सारखं ठेवावं.

असा संच आपल्या अगदी शेजारी, गोव्यात कुंकळ्ळीला तयार होतो. पॉल जॉनच्या ‘ब्रिलियन्स’, ‘एडिटेड’ आणि ‘बोल्ड’ या तीन सिंगल माल्ट. तिन्ही मोड आणलेल्या जवापासून बनतात, तांब्याच्या भांड्यांत गाळल्या जातात आणि बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरतात. तिन्हींत मद्यार्क ४६ टक्के. मुख्य फरक धुराचा: ब्रिलियन्समध्ये तो नाही, एडिटेडमध्ये थोडा, बोल्डमध्ये भरपूर. बाटल्या मात्र आपल्याकडच्या दुकानातूनच घ्याव्यात. गोव्यातली दारू परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि इथे व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं, पिण्याचा परवानाही हवा.

हा धूर जवाला मोड आल्यानंतर येतो. मोड वाढायचे थांबावेत म्हणून जव गरम हवेवर वाळवतात. स्कॉटलंडमध्ये, विशेषतः आयला बेटावर, या भट्टीत पीट जाळायची रीत आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. तो धुमसत जळतो, आणि त्याच्या धुरातली फिनॉल गटातली द्रव्यं ओलसर जवाला चिकटतात. पुढे भिजवणं, आंबवणं, दोनदा गाळणं, वर्षानुवर्षं मुरवणं यातूनही ती तगून राहतात. ग्वायाकॉलमुळे जळक्या लाकडाचा वास येतो, क्रेसॉलमुळे दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा. गोव्यातल्या बाटलीसाठीही पीट स्कॉटलंडहूनच येतो.

तयारीला फार काही लागत नाही. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास हवा. वाइनचा छोटा ग्लास उत्तम. कटिंग चहाचा ग्लास वर रुंदावत जातो आणि वास उडून जातो, म्हणून तो नको. प्रत्येक ग्लासात १५ मिली पुरे. तीन मिळून ४५ मिली, म्हणजे दीड छोटा पेग, आणि सबंध संध्याकाळीला तेवढं भरपूर आहे. त्या वेळी घरात उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर काही नको, आणि स्वयंपाकघरातली फोडणी तासभर आधी आटोपलेली बरी. चकणा नंतर. मिरचीने जीभ एकदा पेटली की ब्रिलियन्समधला मध तिला सापडत नाही.

सुरुवात ब्रिलियन्सपासून करावी, कारण बोल्ड आधी हुंगली तर नाकात धूरच बसून राहतो. ग्लास नाकापासून थोडा खाली धरावा, तोंड किंचित उघडं ठेवावं आणि हळूच हुंगावं. नाक खुपसलं तर मद्यार्काचा झोंबरेपणा तेवढा कळतो. मग जे जाणवेल ते आपल्या घरातल्या शब्दांत लिहावं. लेबलवर छापलेली पेअर नि हेदर आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीची नसतात; गूळ, वेलची केळं, दालचिनी, नारळाची बर्फी यांचा वास मात्र झोपेतही ओळखू येतो. नारळाची आठवण उगाच होत नाही, ओकच्या लाकडातली लॅक्टोन तशीच वास देतात. बर्बनसाठी नवंकोरं, आतून जाळलेलं ओकचं पिंपच लागतं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनच्या कामाचं राहत नाही, आणि ते जगभरच्या माल्टवाल्यांकडे जातं. व्हॅनिलाही त्या लाकडातूनच उतरतो.

आता खरी परीक्षा. घरातल्या कुणाला तरी सांगावं, की दोन ग्लासांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी ओत. कुठली कशात, हे आपल्याला ठाऊक नको. वेगळा ग्लास कोणता, एवढंच ओळखायचं. खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत ही त्रिकोण चाचणी रोजची आहे. निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर यायची शक्यता तिनात एक, लागोपाठ तीनदा बरोबर यायची सत्तावीसात एक. ब्रिलियन्स आणि बोल्ड कुणीही ओळखेल. कस लागतो तो ब्रिलियन्स आणि एडिटेडमध्ये. एकाच संध्याकाळी तीन फेऱ्या करायच्या तर नुसतं हुंगावं. ग्लासांना कागद गुंडाळावा. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला कायद्याने मुभा आहे, तेव्हा गडद रंगाला भुलण्यात अर्थ नाही. व्हिस्कीची मिश्रणं ठरवणारे कसबी लोकही निळ्या काचेचे ग्लास वापरतात, ते रंग दिसू नये म्हणूनच.

पाण्याबद्दल आपल्याकडे उगाच संकोच आहे. १५ मिलीत ५ मिली पाणी घातलं की मद्यार्क ४६ वरून साडेचौतीस टक्क्यांवर येतो आणि वास मोकळे होतात. कसबी लोक तर हुंगताना तो २० टक्क्यांपर्यंत खाली आणतात. स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं, की ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी गोळा होतात, म्हणजे नाकाच्या जवळ. बर्फ याच्या उलट काम करतो: थंडीने वास दबतो.

या बाटल्यांवर वय नसतं, म्हणून पुष्कळजण त्यांना कमी लेखतात. मला हे पटत नाही. पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो. स्कॉटलंडमध्ये तो साधारण दोन टक्के, गोव्याच्या उष्ण हवेत आठ टक्क्यांच्या आसपास. या हिशोबाने १०० लिटर भरले तर १२ वर्षांनी तिकडे ७८ लिटर उरतात, इकडे जेमतेम ३७. उष्णतेने लाकडाचा रसही लवकर उतरतो. त्यामुळे गोव्यातली पाच-सहा वर्षं आणि तिकडची पाच-सहा वर्षं एका मापाने मोजता येत नाहीत.

हे तीन ग्लास नाकाच्या ओळखीचे झाले, की चौथा आयलाच्या लॅफ्रोइगचा ठेवावा. आता धूर बोल्ड आणि लॅफ्रोइग या दोन्हींत आहे, बदललं आहे ते हवामान आणि गाळणाऱ्याचा हात. बोल्डमध्ये धुराखाली गोडवा लागतो. लॅफ्रोइगमध्ये आयोडिन आणि समुद्र पुढे येतात. लॅफ्रोइगचा मद्यार्क ४६ टक्क्यांहून कमी असेल, तर आधी पाणी घालून बोल्ड तिच्या पातळीवर आणावी. नाहीतर बोल्डचा जोर चवीच्या खाती जमा होतो.